पत्र्याच्या खोलीत, संध्याकाळी १६५ व्होल्टवर: साध्या पीसीला कुठला एसएमपीएस घ्यावा?

तापीकाठ (यावल तालुका)
राम राम मंडळी. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, फोटो अशा कामाच्या दुकानासाठी पीसी बांधायचा आहे. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५०एम बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि जुनी १ टीबी हार्ड डिस्क. सध्या ग्राफिक कार्ड नाही. पुढेमागे आरएक्स ६६०० लावायचा विचार आहे.

दुकानदार म्हणतो, कॅबिनेटसोबत "४५० वॉट"चा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ६०० रुपयांत घ्या, कार्ड नाही तर ब्रॉन्झ (८० प्लस या कमी वीज वाया घालवण्याच्या दर्जातला प्रकार) कशाला. ब्रँडेड ४५० वॉट ब्रॉन्झचे तो तीन हजारांच्या आसपास सांगतो. दोन्हींवर आकडा ४५०च, मग पाचपट पैसे कशाचे?

परिस्थिती अशी: खोलीला पत्रे, मे महिन्यात दुपारी आत ४२-४३ अंश. संध्याकाळी व्होल्टेज १६५-१७०ला येतं. घरचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे, त्याच्यावरच पीसी चालवायचा विचार होता. मल्टिमीटर आहे, वापरता येतो.

पांझरा (धुळे)
आधी वॉटचा हिशोब मिटवू, कारण तुमच्या प्रश्नात तोच सगळ्यात सोपा आहे.

५६००जी कागदावर ६५ वॉटचा असला तरी एएम४ (या प्रोसेसरचं सॉकेट) बोर्ड त्याला ८८ वॉटपर्यंत खेचू देतो. बोर्ड आणि रॅम मिळून ३० धरा. एनव्हीएमई ६, हार्ड डिस्क फिरताना ८, पंखे आणि यूएसबीवरचा थंब स्कॅनर वगैरे १०. झाले १४२. हार्ड डिस्क सुरू होताना दोन-चार सेकंद १२ व्होल्टवर जवळपास २ अँपिअर ओढते, पण तेव्हा प्रोसेसर निवांत असतो. आरएक्स ६६०० चे १३२ वाढवले की २७४. त्या कार्डाला एएमडी स्वतः ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा सांगते. म्हणजे खरा ४५० घेतलात तर आजही भागतं आणि कार्ड आल्यावरही.

"खरा" हा शब्द महत्त्वाचा. दुकानदाराला त्या सहाशेवाल्याच्या लेबलचा फोटो मागा आणि १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते इथे टाका. पुढचं त्यावर बोलू.

भरीतपुरी (जळगाव)
मी म्हणेन ६५० घ्या भाऊ, डोक्याला ताप नको. मोठा घेतला की गरम कमी होतो, टिकतो जास्त.

पांझरा (धुळे)
तीन हजारांत ६५० मिळेल तो बहुधा हलक्या जातीचा मिळेल. त्याच पैशात चांगला ४५० येतो. शिवाय दुकानात पीसी दिवसभर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो, तेव्हा लोड ४० वॉटच्या आसपास. ६५० वॉटवर तो सहा-सात टक्के झाला. ८० प्लसची साधी चाचणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते. त्याखाली एफिशियन्सी किती घसरते हे त्या बिल्ल्यावरून कळतच नाही. आणि उलट बाजूचा एक गैरसमजही इथेच काढून टाकतो: ६५० वॉटचा एसएमपीएस ६५० वॉट वीज खात नाही. पीसी मागेल तेवढीच घेतो, वर त्याची स्वतःची घट.

तापीकाठ (यावल तालुका)
फोटो आला. लेबलवर असं आहे:
इनपुट: ११५/२३० व्होल्ट, मागे लाल स्विच
+३.३ व्होल्ट: २८ अँ
+५ व्होल्ट: ३० अँ
+१२ व्होल्ट: १४ अँ
टोटल: ४५० वॉट मॅक्स
एका कोपऱ्यात "८५ प्लस" असं गोल स्टिकर. वजनाला हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा लागतो.

पांझरा (धुळे)
१२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. आजचा पीसी जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतो. प्रोसेसर, कार्ड, पंखे, सगळे तिथलेच. ३.३ आणि ५ वरचे ते मोठमोठे आकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बोर्डांसाठी होते, तेव्हा प्रोसेसरची वीज ५ व्होल्टच्या लाइनवरून घेतली जायची. आता ते फक्त बेरीज फुगवायला उरलेत. चांगल्या ४५० च्या लेबलवर १२ व्होल्टला ३६ अँपिअरच्या आसपास दिसेल, म्हणजे ४३० वॉट एकट्या १२ व्होल्टवर. लेबल वाचायची एवढी एकच ओळ पुरे.

"मॅक्स" म्हणजे क्षणभर झेपणारा आकडा, दिवसभर देता येणारा नव्हे. "८५ प्लस" नावाचा दर्जाच अस्तित्वात नाही. ८० प्लसमध्ये साधा, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे प्रकार असतात आणि मॉडेल क्रमांक टाकून त्यांच्या साइटवर तपासता येतो. भारतीय मानक ब्युरोचा शिक्का असेल तर त्याखाली आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. तो क्रमांकच नसेल तर पुढे पाहायची गरज नाही.

लाल स्विच म्हणजे आत एपीएफसी (करंट व्होल्टेजच्या लाटेप्रमाणे ओढणारं सर्किट) नाही. झाडताना-पुसताना तो चुकून ११५ वर सरकला आणि २३० दिलंत तर पहिल्याच सेकंदाला धडाम. आतलं व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट जागं होतं आणि मोठे कपॅसिटर फुटतात.

वजनाचं तुम्ही बरोबर टिपलंत. हलकं म्हणजे हीटसिंक पातळ, ट्रान्सफॉर्मर बारका आणि इनपुट फिल्टरच्या जागी बोर्डवर नुसती भोकं नाही तर तारेचे जंपर.

सातपुडा४५ (भुसावळ)
उन्हाबद्दल कोणीच बोललं नाही. आपल्याकडे वॉटपेक्षा तोच मोठा मुद्दा.

एसएमपीएसचं रेटिंग कुठल्या तापमानाला दिलंय ते बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर असतं. स्वस्त मालिकांना ३० अंश असतं, त्याच्या वरच्या मालिकांना ४० किंवा ५०. ३० अंशांवर ४५० देणारा तुमच्या ४३ अंशांच्या खोलीत, त्यातही कॅबिनेटच्या आत, ४५० देणार नाही. माझा अंदाज बांधायचा नियम असा की अशा ठिकाणी पाचवा हिस्सा कापून धरायचा. ४५० चे ३६० झाले, तुमचे २७४ त्यात बसतात. ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते हेही लक्षात असू द्या. भुसावळात २३ अंश पाहायला डिसेंबरची वाट बघावी लागते.

आयुष्याचा हिशोब कपॅसिटरवर आहे. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ८५ किंवा १०५ अंश छापलेलं असतं. समजा दोन्ही २००० तासांचे आहेत. हे तास त्या छापलेल्या तापमानाचे. दर १० अंश खाली आलात की आयुष्य साधारण दुप्पट होतं. खोली ४३, कॅबिनेटच्या आत ५०, एसएमपीएसच्या पोटात ६५ धरा. ८५ वाला २० अंश खाली आहे, म्हणजे ८००० तास. दिवसाला दहा तास दुकान, तर सव्वादोन वर्षं. १०५ वाला ४० अंश खाली, म्हणजे ३२,००० तास, साधारण पावणेनऊ वर्षं. नुसत्या या छापलेल्या आकड्यात एवढा फरक. सहाशेवाल्यात ८५ निघण्याची शक्यता जास्त आणि त्याचा पंखाही साध्या बुशचा, तो आधी कुरकुरतो मग थांबतो. तिसरा उन्हाळा म्हणूनच त्यांना जड जातो.

ओटीपी आहे का तेही बघा. तापमान हाताबाहेर गेलं की स्वतःहून बंद पडायची सोय ती. स्वस्तात सगळ्यात आधी तीच कापली जाते.

कूलरबद्दल एक. खोलीत कूलर असेल तर चांगलंच आहे, पण पीसी त्याच्या झोतात ठेवू नका. ओलसर वारा आणि धूळ मिळून एसएमपीएसच्या पंख्यावर आणि आतल्या बोर्डावर लेप बसतो. तो ब्रशने निघत नाही आणि ओला असताना गळती करंट वाहू देतो.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
तापीकाठ भाऊ, तुमच्या १६५ व्होल्टवर आणि त्या इन्व्हर्टरवर येतो. इथेच खरं घोडं अडणार आहे.

चांगले एसएमपीएसही दोन प्रकारचे मिळतात. एकाच्या लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट, दुसऱ्यावर २००-२४०. दुसरा थोडा स्वस्त पडतो, काही मॉडेलच्या नावातच "२३०व्ही" असतं. शहरात काही बिघडत नाही. तुमच्याकडे मात्र डीपीवर संध्याकाळी लोड आला की २००-२४० वाला लोड पडताच बंद होईल किंवा पीसी आपोआप रीस्टार्ट होत राहील, आणि सगळे रॅम बदलत बसतील. तुम्ही १००-२४० च घ्या. दोघांच्या किमतीत फार तर तीन-चारशेचा फरक असतो.

कमी व्होल्टेजला एसएमपीएस तेवढीच वीज जास्त करंटने ओढतो. भिंतीतून १७० वॉट लागत असतील तर २३० वर पाऊण अँपिअरही नाही, १६० वर १ च्या पुढे. इनपुटचा ब्रिज आणि एपीएफसीची कॉइल त्याने जास्त तापतात. तुमच्याकडे हे सगळ्यात गरम वेळेला घडत नाही एवढंच नशीब.

आता इन्व्हर्टर. दोन अडचणी आहेत.

पहिली लाटेची. एपीएफसी सर्किट करंटला व्होल्टेजच्या लाटेमागे चालवतं. साइन वेव्ह सावकाश चढते. चौकोनी लाट एकदम भिंतीसारखी उभी राहते, त्यामुळे प्रत्येक चढाला करंटचा झटका बसतो. जुना इन्व्हर्टर त्याला ओव्हरलोड समजून बीप देतो किंवा बंद पडतो, एसएमपीएसमधून घुं-घुं आवाज येतो. चालला तरी रोज तसा चालवू नका.

दुसरी बदलाच्या वेळेची. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या पोटातल्या कपॅसिटरवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, स्वस्त असेल तर त्याहून बराच कमी. इन्व्हर्टरच्या मागे "यूपीएस" आणि "नॉर्मल" असा स्विच असतो. नॉर्मलवर बदलायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, पीसी हमखास बंद. यूपीएसवर १०-१५ मध्ये होतं, पण त्या मोडला साधारण १८० च्या खालची लाईट चालत नाही. म्हणजे तुमच्या १६५ वर तो लाईट असूनही बॅटरीवर जाणार, रोज संध्याकाळी बॅटरी उतरवणार, आणि खरंच लाईट गेली की हात वर करणार. पुष्कळ लोक बॅटरीवाल्याला शिव्या घालतात ते यामुळे.

त्यापेक्षा पीसीला वेगळा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी बॅटरीवर न जाता सावरून घेणारा) द्या, थेट लाईटवर. इनपुटची रेंज १४० पासून सुरू होणारा बघा. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉट, त्यातली ७ एएचची बॅटरी तुमच्या १४२ वॉटच्या लोडला दहा मिनिटांच्या आसपास देईल. फॉर्म सबमिट करून पीसी बंद करायला तेवढं बस झालं. हे यूपीएसही बॅटरीवर शुद्ध साइन देत नाहीत, पण लोड त्यांच्या क्षमतेच्या अर्ध्याच्या आसपास ठेवला तर एपीएफसीवाला एसएमपीएस बहुतेक वेळा निभावून नेतो. कार्ड लावाल तेव्हा १००० व्हीए लागेल. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर अजिबात नको. त्यांचा हीटर गरम होताना एकटाच यूपीएस पाडतो.

पावसाळ्यात अजून एक. गावात न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात ३०० च्या वर व्होल्टेज चढू शकतं. तिथे एसएमपीएस कितीही भारी असो, त्याचा एमओव्ही (जास्तीचं व्होल्टेज शोषणारा भाग) आणि फ्यूज जातोच. दुकानाच्या लाईटच्या बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवून घ्या. वरची मर्यादा २७० ठेवा, लाईट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडणारा घ्या. आणि खालची मर्यादा १५० ठेवा. दुकानातून येताना ती १८० वर लावलेली असेल तर तुमची संध्याकाळ अंधारातच.

भरीतपुरी (जळगाव)
मॉडेल कोणी सांगेल का? नुसतं ज्ञान चाललंय.

पांझरा (धुळे)
कोर्सेअर सीएक्स, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ब्रॉन्झ, डीपकूल पीके-डी, अँटेक सीएसके, एमएसआय ए५५०बीएन. या पट्ट्यात इकडे सहज मिळणारे हे. पण नावावर जाऊ नका. एकाच मालिकेत इनपुट रेंज आणि रेटिंगचं तापमान वर्षागणिक बदलतं. बॉक्स हातात घेऊन चार गोष्टी वाचा: १००-२४०, १२ व्होल्टला ३५ च्या पुढे अँपिअर, रेटिंग ४० अंश किंवा वर, वॉरंटी पाच वर्षं. चारही जमले तर घ्या, रंग कुठलाही असो. वॉरंटीत बदलून द्यायचं सर्व्हिस सेंटर जळगाव-धुळ्यात आहे की नाशिकला पाठवावं लागतं, ते घेतानाच विचारा.

केबलही पाहा. एसएमपीएस खाली बसणारं कॅबिनेट असेल तर प्रोसेसरची ४+४ पिनची केबल बोर्डामागून वरपर्यंत जायला ६० सेंटीमीटर तरी हवी. कार्डासाठी ६+२ पिन एक असलीच पाहिजे. ती नसली की लोक मोलेक्समधून (जुन्या पद्धतीचा चार पिनचा प्लग) कन्व्हर्टर लावतात. मोलेक्स-ते-साटाचा (डिस्कला वीज देणारा प्लग) ओतीव प्लास्टिकचा कन्व्हर्टर तर फुकट मिळाला तरी लावू नका. आत तारा एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की प्लास्टिक मऊ झालं की १२ व्होल्टची आणि ग्राउंडची तार चिकटते, मग धूर.

बिलाचं सांगायचं राहिलं. १४२ वॉट लोडला ७५ टक्केवाला १८९ वॉट ओढेल, ८६ टक्केवाला १६५. २४ वॉटचा फरक, रोज आठ तास पूर्ण लोड धरला तर वर्षभरात ७० युनिट; पीसी बराच वेळ रिकामा बसतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. दुकानाच्या दराने तुम्हीच गुणा.

सातपुडा४५ (भुसावळ)
बसवताना: कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर पंखा खाली, नसेल तर पंखा वर. जमिनीवर ठेवू नका, वीतभर उंच स्टूल द्या. जवळ जिनिंग असेल तर नोव्हेंबर ते मार्च कापसाची लव फिल्टरवर नमद्यासारखी बसते, महिन्यातून दोनदा काढा. साध्या धुळीला दोन महिन्यांनी एकदा पुरे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवा. एसएमपीएस स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहतात.

नवा आणल्यावर २४ पिनची हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्याने फक्त तो मेलेला नाही एवढं कळतं. खरी तपासणी लोडवर. सगळं जोडा, प्रोसेसरवर अर्धा तास ताण देणारा प्रोग्राम चालवा आणि मोकळ्या मोलेक्समध्ये मल्टिमीटर घाला. पिवळी-काळी ११.४ ते १२.६, लाल-काळी ४.७५ ते ५.२५. चांगला एसएमपीएस १२ च्या जवळच राहतो. रिकाम्यात १२.२ आणि लोडवर ११.५ दिसलं तर अजून मर्यादेत आहे, पण परत करा. बोर्डाच्या सॉफ्टवेअरमधल्या आकड्यांवर विश्वास नको.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
घ्यायच्या आधी अर्थिंग मोजा. मल्टिमीटर एसीवर ठेवून दुकानातल्या सॉकेटमध्ये तीन मोजमापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं ३ व्होल्टच्या आत हवं.

तापीकाठ (यावल तालुका)
सहाशेवाला रद्द. १००-२४० चा ४५० ब्रॉन्झ बघतो.
मोजलं. एक्स्टेंशन बोर्डवर, जुना पीसी त्यातच लावलेला होता: फेज-न्यूट्रल १७१, फेज-अर्थ ८८, न्यूट्रल-अर्थ ८३. जुन्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टरही मिणमिणतो. व्होल्टेज कमी आहे म्हणून असं येतंय का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
नाही भाऊ. १७१ चे जवळपास बरोबर दोन भाग झालेत, त्यावरूनच दोष सापडतो. एसएमपीएसच्या इनपुट फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ जोडलेला असेल तर बॉडी शून्यावर राहते. अर्थ कुठेच जोडलेला नसेल तर ते दोघे मिळून बॉडीला मध्यावर लटकवतात. तुमच्या ८८-८३ चा अर्थ तोच: तिसरी पिन हवेत आहे. करंट मिलिअँपिअरच्याही आत असतो म्हणून मुंग्याच येतात, पण आत कधी फेज बॉडीला लागला तर वाचवायला काही नाही. यूएसबीवरचे स्कॅनर आणि पोर्ट जातात तेही यामुळेच. नवा एसएमपीएस आणला तरी ते दोन कपॅसिटर त्यातही असणार, मुंग्या तशाच येणार.

जुना पीसी काढून भिंतीच्या सॉकेटवर परत मोजा. तिथे नीट आलं तर दोष एक्स्टेंशन बोर्डात आहे: मेन बंद करून उघडा, बहुतेक हिरवी वायर स्क्रूमधून सुटलेली असेल किंवा टू-पिनची वायर लावून तिसरं भोक नुसतं शोभेला ठेवलेलं असेल. भिंतीवरही नीट नसेल तर वायरमनला बोलवा आणि मीटरजवळचा अर्थिंगचा खड्डा दाखवा. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि रॉडपासून सुटते, वायर शाबूत असूनही अर्थ मिळत नाही. कोळसा-मीठ नव्याने भरून, पाणी ओतायला पाइप ठेवून घ्या, आणि उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. मग परत मोजून तिन्ही आकडे इथे टाका.